टीव्हीचा कौल

“माणसान जन्मात टीव्ही एकदाच घेवचो. पण असो घेवचो, की यम दारात इलो तरी चपला काढून भितर येयत आनी म्हणात, ‘घाय नाय, ही मालिका होवंदे!’”

इब्रामपूरच्या घरात, बैठकीच्या सालात मधोमध उभं राहून सगुणबाब परबांनी ही घोषणा केली. मग दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी जुन्या टीव्हीच्या उजव्या कुशीत एक सणसणीत चापट मारली. त्याशिवाय त्याला आवाज येत नसे.

टीव्ही जुन्या घडणीचा, पाठीमागे पोट सुटलेला. सगुणबाब डिचोलीकडच्या एका खाणीवर काट्याला होते, तेव्हा चांगल्या दिवसांतल्या बोनसातून तो आला होता. काट्यावर म्हणजे मालाने भरलेल्या ट्रकांचं वजन करायचं. जन्मभर हेच केल्यामुळे सगुणबाबांची एका गोष्टीवर अढळ श्रद्धा बसली होती: जे जड ते खरं. टीव्ही घरात आणताना दोघा जणांची कंबर धरली होती, याचा त्यांना अजून अभिमान वाटे. तोच टीव्ही आता बदलायचा म्हणजे कारणही तसंच वजनदार हवं.

कारण होती पद्मावती, त्यांची बायको. श्रावणातल्या तालुक्याच्या फुगडी स्पर्धेत वाड्यावरचं महिला मंडळ उतरलं होतं, आणि त्यात पद्मावती होती. तिथे एका केबल चॅनलचे लोक कॅमेरा घेऊन आले होते. गणेश चवथीच्या संध्याकाळी, आरत्या आटोपल्यावर, ती स्पर्धा टीव्हीवर दाखवणार होते. सगुणबाबांनी उत्साहाच्या भरात अख्ख्या वाड्याला आवतण देऊन टाकलं. मग एका दुपारी टीव्हीला चापट मारता मारता त्यांचा हात हवेतच थांबला. ज्या बाईने खाणीच्या तांबड्या मातीने माखलेले आपले कपडे धुण्यात अर्धं आयुष्य घातलं, ती पडद्यावर येणार, आणि तिचा आवाज यावा म्हणून आपण लोकांदेखत तिला थोबाडीत मारणार? हे काही बरं दिसणार नव्हतं.

“आयकलांत?” पद्मावती स्वयंपाकघरातून म्हणाली. “टीव्ही मागीर बगा. चवथ तोंडार इली, आनी ह्या मिक्सराच्या भांड्याचां...”

“तू आता मिक्सराचां सांगू नको गे. हयसर तुजी इज्जत पणाक लागली आसा!”

पद्मावती पुन्हा कामाला लागली. मिक्सर सुरू झाला आणि त्याच्यामागोमाग “आवशीक खाव!” असा उद्गार ऐकू आला. सगुणबाबांना वाटलं, तीही भारावली आहे.

मागे फिरायला वाव राहू नये म्हणून त्यांनी त्याच दिवशी जुना टीव्ही देऊन टाकला. सातेरीच्या देवळातला पुजारी शिवदास चार घरं पलीकडे राहत असे. “जुनो आसा तंवसर नवो येवचो नाय,” असं म्हणत त्यांनी तो शिवदासच्या ओसरीवर पोचवला आणि चापट कुठे मारायची ती जागाही दाखवून दिली. शिवदासने डोळ्यांत पाणी आणून तो स्वीकारला. थोडं पाणी वजनामुळेही असेल.

आता नवा टीव्ही कुठला घ्यायचा, एवढाच प्रश्न उरला. ह्या ‘एवढाच’ने पुढे घात केला.

जावई गुरुदास मोपाच्या विमानतळावर कामाला होता. दिवसभर पडद्यासमोर बसून लोकांच्या बॅगांत काय आहे ते बघायचं. त्यामुळे घराण्यात पडदा या विषयावर त्याचा शब्द शेवटचा. शेजारी भिकाजी जत्रांना रोषणाई करणारा. पेडण्यापासून फोंड्यापर्यंतच्या जत्रांत त्याच्या माळा लखलखत. त्यामुळे उजेड या विषयावर शेवटचा शब्द त्याचा. दोन शेवटचे शब्द घेऊन सगुणबाब म्हापशाला टीव्हीच्या दुकानात जायला निघाले.

“म्हापशाक जातासात तर येताना मिक्सराच्या भांड्याचां...” पद्मावती दारात येऊन म्हणाली. तेवढ्यात भिकाजीने टेम्पोचा हॉर्न दिला.

दुकानात भिंतभर टीव्ही आणि प्रत्येकात तोच एक पोपट. पोपट इतका हिरवा होता, की सगुणबाबांना आजवर पाहिलेले सगळे पोपट आजारी असावेत अशी शंका आली.

“मामा, पोपट बगू नकात,” गुरुदास म्हणाला. “पयलो काळो रंग बगा. हो ओएलईडी. हेच्यात काळो म्हणजे एकदम काळो. जंय काळो दाखवचो, थंयचो दिवोच बंद जाता.”

“म्हणजे बंद दिव्याचे पैशे दिवचे?” भिकाजी म्हणाला. “रे, आमच्या इब्रामपुरात लाईट गेली की हेच्यापेक्षा काळो फुकट दिसता!”

“भिकाजीकाका, हेका कॉन्ट्रास्ट म्हणतत.”

“तो घाल तुज्या बॅगांच्या मशिनीत. सगुणा, तू आपलो क्यूएलईडी घे. भर दुपारी दारां-खिडक्यो उगडी टाक, तरी लखलखतलो. रे, जत्रेक लोकां काय काळोख बगूंक येतत?”

सगुणबाब ओएलईडीच्या बाजूला जाऊन उभे राहिले, मग मागे गेले, मग परत बाजूला आले. काजूच्या पानाएवढी जाडी. त्यांनी विक्रेत्याला हळूच विचारलं, “बाकीचो टीव्ही खंय आसा?”

“हाच टीव्ही, सर. एकदम स्लिम!”

“आनी वजन?”

“काहीच नाही, सर!” विक्रेता अभिमानाने म्हणाला, आणि तिथेच त्याचं गिऱ्हाईक ढासळलं. माल हलका आणि दर जड, असा ट्रक काट्यावर आला असता तर सगुणबाबांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं असतं. किंमत ऐकल्यावर तर त्यांनी तिथलाच एक स्टूल ओढून घेतला.

“हप्त्यांनी घेवचो, मामा,” गुरुदास म्हणाला.

“हप्ते संपासर हेच्यापेक्षा पातळ टीव्ही येतलो,” भिकाजी म्हणाला. “आनी हो ओएलईडी म्हणे चॅनलाचो शिक्को खूप वेळ दाखयलो, तर तो काचेर कायमचो उमटता. टीव्ही बंद केलो तरी दिसता.”

सगुणबाबांनी मान वर केली. “म्हणजे आमची पद्मावती एकदा दिसली, की कायमची रवतली?”

“तसां नाय, मामा.”

“मग कसां?”

तसां कसां ते सांगता सांगता दुकान बंद व्हायची वेळ झाली. तिघे रिकाम्या हाताने परत आले. पद्मावतीने तिघांच्या हातांकडे पाहिलं, टेम्पोत डोकावून पाहिलं आणि चहा टाकला.

त्यानंतर वाद वाड्यावर पसरला. चतुर्थीला गणपतीवर टांगायची माटोळी बांधायला रानातून कांगलां, माट्टुलां अशी फळं आणायला निघालेली माणसं पिक्सलवर बोलू लागली. फेणीच्या दुकानात दोन तट पडले. ज्यांनी आयुष्यात टीव्ही घेतला नव्हता, त्यांची मतं सर्वांत ठाम होती. एकाने तर सांगितलं, की जपानात नवीनच टीव्ही येणार आहे, तोवर थांबावं. सगुणबाबांची झोप उडाली. चवथ जवळ येत होती, आवतण देऊन झालं होतं, आणि सालातल्या टेबलावर जुन्या टीव्हीच्या जागी धुळीचा एक चौकोन तेवढा उरला होता.

शेवटी त्यांनी तेच केलं, जे त्यांच्या वाडवडलांनी घर बांधताना, विहीर खणताना आणि मुली बघताना केलं होतं. ते सातेरीच्या देवळात कौल लावायला गेले. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा, आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. पद्मावतीच्या स्थळाला अशीच उजवी पाकळी पडली होती, आणि त्या पाकळीबद्दल सगुणबाब आजतागायत मनातल्या मनात देवीचे आभार मानत आले होते. तेव्हा टीव्ही म्हणजे काय मोठंसं!

साक्षीला गुरुदास आणि भिकाजी होतेच. शिवदासने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

“हे माये सातेरी! बारा वाटेच्या, चौदा शिवेच्या रखवालदारणी! आज हो तुजो सगुण तुज्या पायांकडे उबो रवलो आसा. तेका टीव्ही घेवचो आसा, माये. एक टीव्ही काळोख बरो दाखयता, दुसरो उजेड बरो दाखयता. उजवी दिलंस तर काळोख, डावी दिलंस तर उजेड. ह्या लेकराच्या मनातलो घोळ काढून टाक, आनी कोणी ह्या टीव्हीर वाकडी नदर टाकीत तर ती सरळ कर गे माये!”

“व्हय म्हाराजा!” भिकाजी सवयीने ओरडला. मग त्याच्या लक्षात आलं, की उजवा मान काळोखाला गेला. पण आता वेळ निघून गेली होती.

सगळे बघत राहिले. पाकळ्याही बघत राहिल्या. समईची वात शिवदासने दोनदा पुढे सारली, पण पाकळी हलेना.

“देवीक प्रश्न समजलो नाय,” शिवदास म्हणाला.

“मी सांगू काय?” गुरुदास पुढे झाला. “हेच्यात प्रत्येक पिक्सल आपलो आपण पेटता आनी...”

“देवीची शिकवणी घेऊ नको, बाबा. मीच प्रश्न सोपो करतंय.” शिवदासने पुन्हा हात जोडले. “माये, काळोख-उजेड ऱ्हवंदे. सगुणान टीव्ही घेवचो, तर उजवी दी. घेवचो नाय, तर डावी दी.”

शब्द पुरा व्हायच्या आत डावी पाकळी खाली पडली. जणू ती मघापासून ह्याच प्रश्नाची वाट बघत होती.

सर्वांत जास्त चेहरा उतरला तो शिवदासचा. नवा टीव्ही येणार नाही म्हणजे ओसरीवरचा जुना परत जाणार, हे गणित त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यामुळे कौलाच्या खरेपणाबद्दल मात्र कुणाच्याही मनात शंका उरली नाही. त्या दिवसापासून शिवदास सगुणबाबांच्या घरावरून जायचं टाळून पाणंदीतून देवळात जाऊ लागला. आणि दिलेली वस्तू परत मागणं सगुणबाबांच्या जिभेवर येईना. नवा नाही, जुना नाही, आणि देवीचा शब्द तर मोडायचाच नाही.

घरी येऊन त्यांनी पद्मावतीला सगळं सांगितलं.

“बरां जालां,” पद्मावती हसून म्हणाली. “आता तरी त्या मिक्सराच्या...”

“तू माज्यासाठी हसतंस ता माका कळता गे!” सगुणबाब म्हणाले आणि डोळे पुसत परसात निघून गेले. माडाला टेकून त्यांनी बराच वेळ विचार केला. चवथीला आरती म्हणत अख्खा वाडा घरी येणार, आणि आपण त्यांना काय दाखवणार? धुळीचा चौकोन?

तोड काढली ती भिकाजीने. चवथीच्या दुपारी तो घामाघूम होऊन आला, तेव्हा त्याच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेला स्वतःचा टीव्ही होता.

“सगुणा, देवी म्हणाली, ‘घेवचो नाय.’ ‘हाडचो नाय’ म्हणून खंय म्हणाली? हो माजो. आज हयसर लाव, फाल्यां मी घेवन जातंय.”

बंदी घ्यायची, आणायची नाही! सगुणबाबांनी त्याला मिठीच मारली, टीव्हीसकट. ही बातमी पेडण्याला गुरुदासपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सासऱ्याच्या घरात उजेडाचा विजय त्याला सोसवणं शक्य नव्हतं. संध्याकाळी तो गाडीत बायकोला पुढे आणि आपला ओएलईडी टीव्ही मागे घेऊन हजर झाला. त्यात बायकोला बसायला जागा कमी पडली, ही तक्रार तिने आईजवळ केली. आपण त्यात पडू नये.

मग काय! माटोळीखाली गणपती, त्याच्या एका बाजूला काळोख आणि दुसऱ्या बाजूला उजेड. आरत्यांना मातीच्या मडक्याचा घुमट ढोलासारखा असा कडाडला, की माटोळीतला तवशाचा वेल डोलू लागला. आरती संपली. महिला मंडळाच्या बायका नव्या लुगड्यांत पुढे बसल्या, मागे पुरुष, त्यांच्यामागे खिडकीतून लटकलेली पोरं. केबलची पेटी जुनी, तीन रंगांच्या वायरींची. ती ह्या नव्या टीव्हींना कुठे लागेना. शेवटी भिकाजीने जत्रेच्या सामानातून कसलासा जोड शोधून काढला आणि चित्र आलं.

चित्र आलं, म्हणजे काहीतरी आलं. चॅनल होतं लहान, त्याचं चित्रही तेवढंच. ते एवढ्या थोरल्या पडद्यावर ताणल्यावर निवेदिकेचा चेहरा चिऱ्यांनी बांधल्यासारखा दिसू लागला.

“ही बाई चौकोनी कित्याक?” कुणीतरी विचारलं.

“सिग्नल,” गुरुदास म्हणाला आणि घाईघाईने वायर काढून आपल्या टीव्हीला लावली. तिथेही तेच चिरे. फक्त चिऱ्यांमधल्या भेगा अधिक काळ्या. परत भिकाजीच्या टीव्हीला लावली. तिथे चिरे लखलखीत.

“ती बग मी!” मंडळातली शेवंती ओरडली.

“नाय गे, तो मंडपाचो खांब.”

“आता बगा, पिक्सल अपस्केल जातत,” गुरुदास रिमोट दाबत पुटपुटला. निवेदिकेचे चिरे विरघळून त्यांचं गिलाव्याचं काम झालं. तेवढ्यात तीच बाई म्हणाली, “जाहिरातींनंतर पाहू या इब्रामपूरच्या महिला मंडळाची फुगडी.”

सगुणबाबांनी पद्मावतीकडे पाहिलं. ती बायकांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आणि तेच त्यांना बघवेना. आयुष्यात एकदा ही बाई पडद्यावर येतेय, आणि ती खांब म्हणून दिसणार? मग मात्र जिभेवरची लाज त्यांनी गिळून टाकली.

“शिवदासा!” ते गर्दीत ओरडले. “माजो टीव्ही!”

शिवदास दाराआड उभा होता. मग त्याने खांद्यावरचं उपरणं कमरेला बांधलं. “चला रे, चार जाण या माज्याबरोबर!”

चार घरं पलीकडून तो टीव्ही निघाला, तो चार जणांच्या खांद्यावरून, सांभाळत, वळणावर वळणावर थांबत. सवयीने कुणीतरी “मंगलमूर्ती मोरया!” म्हटलं, घुमटवाल्यानेही सवयीने थाप दिली, आणि वाजतगाजत त्याने उंबरठा ओलांडला. खऱ्या गणपतीने हे सगळं शांतपणे पाहिलं. धुळीच्या चौकोनावर टीव्ही बसला, तीन रंगांच्या वायरी आपापल्या भोकांत गेल्या, आणि चित्र आलं. लहानसं, पण स्वच्छ. माणसं माणसांसारखी.

जाहिराती संपल्या. गोल धरून बायका पडद्यावर आल्या आणि अख्खा वाडा एकदम पुढे झुकला. पण आवाज नव्हता.

सगळ्यांनी सगुणबाबांकडे पाहिलं. सगुणबाबांनी हात उचलला. पडद्यावर नेमकी पद्मावती समोर आली. हात तसाच राहिला.

“मार मरे!” भिकाजी म्हणाला.

“माज्यान नाय जावचां.”

बायकांतून वाट काढत पद्मावती पुढे आली, पदर खोचला, आणि टीव्हीच्या उजव्या कुशीत तिने अशी एक चापट मारली, की आवाज तर आलाच, शिवाय रंगही थोडे सुधारले. फुगडीचं गाणं सालात घुमलं. मागे वळायच्या आत ती स्वतःलाच दिसली: मान मागे टाकून, गरगर फिरत, तोंडभर हसत. सगुणबाबांनी तिचं हे हसू पूर्वी कधीतरी पाहिलं होतं. मधल्या काळात ते कुठे ठेवून दिलं होतं, हे त्यांना आठवेना. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. लगेच कॅमेरा प्रमुख पाहुण्यांकडे वळला आणि फुगडी संपेपर्यंत पाहुण्यांवरच राहिला. पण ते पाहुणे कोण, हे त्या रात्री इब्रामपुरात कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

सगुणबाब सगळ्यांकडे वळले.

“माय सातेरीचो कौल आता माका समजलो,” ते म्हणाले. “ती ‘नाका’ म्हणाली, ता कित्याक, ता आज कळलां. भिकाजी, तू स्वतःचो टीव्ही खांद्यार घालून हाडलंस. गुरुदास, तुमी माज्या चेडवाक अडचणीत बसोवन तुमचो टीव्ही हाडलात. शिवदास, तू तर देवमाणूस, दिलेलो टीव्ही परत दिलंस! तुमचे उपकार मी कसे फेडू? आनी पद्मावती... तुज्यासाठी हो सगळो खटाटोप. आज तुजो दिवस. तू दोन शब्द बोल.”

पुन्हा टाळ्या झाल्या. कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. पद्मावतीने पदराला हात पुसले. तिच्या हातांना, कोपरापर्यंत, दुपारच्या वाटणाचं खोबरं अजून चिकटलेलं होतं. तिने भिकाजीकडे, गुरुदासकडे, शिवदासकडे, आणि शेवटी नवऱ्याकडे पाहिलं.

“सगळ्यांनी माज्यासाठी खूप केलात. देव तुमचां बरां करूं,” ती म्हणाली. “आता फक्त मिक्सराच्या भांड्याचां रबर तेवढां हाडा. आनी त्येच्यासाठी सातेरीक विचारू नकात.”